डावा हात पोटाशी

४ फेब्रुवारी

काल सकाळी न्हाणीघरात पाय घसरला आणि माझं डावं मनगट मोडलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. मला लिहिण्याची हौस नाही. पण कोपरापर्यंत प्लास्टर आहे, हात झोळीत आहे, घर रिकामं आहे, आणि जे बोलायचं ते ऐकायला कोणी नाही.

यांच्या किडन्या निकामी होऊन दोन वर्षं झाली. पोटात एक बारीक नळी बसवलेली आहे. तिच्यातून औषधाचं पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी ते अंगातली घाण घेऊन बाहेर काढायचं, नवं भरायचं. दिवसातून चार वेळा. नळीचं टोपण काढून पिशवी जोडेपर्यंत तोंड उघडं असतं, तेवढाच वेळ धोक्याचा. त्या तोंडाला काही शिवलं तर जंतू थेट पोटात जातात. या कामाला दोन हात लागतात. यांच्या बोटांना साखरेमुळे बधिरपणा आला आहे. शर्टाची गुंडी लावतानासुद्धा चुकतात. इतके दिवस माझे दोन हात होते.

आज हे हॉस्पिटलमध्ये आहेत. दुखणं वाढलं म्हणून नाही, घरी पाणी बदलायला कोणी नाही म्हणून. लोक सामान ठेवायला देतात तशी मी त्यांना तिथे ठेवून आले.

सुरुवातीचे काही महिने त्यांना हॉस्पिटलात रक्त साफ करायच्या मशीनवर नेत होतो. पायात गोळे यायचे, ओकाऱ्या व्हायच्या, घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा म्हणाले, "मला काय हवं ते कर, पण परत तिथे नेऊ नकोस." मी ऊठसूट शब्द देणारी बाई नाही. तो एक दिला.

हेच पाणी बदलायचं काम निवृत्त होईपर्यंत मी त्याच हॉस्पिटलमध्ये घरच्या लोकांना शिकवलं. माझ्या जागेवर आता जी सिस्टर शिकवते ती माझ्याच हाताखाली तयार झाली. म्हणाली, "मॅडम, घरातलं कोणी असेल तर आठवडाभर माझ्याकडे पाठवा. मी शिकवून देते."

मी म्हटलं, "मी अजून जिवंत आहे. हात मोडलाय, तोंड शाबूत आहे."

ती हसली. मी विनोद केला नव्हता.

मी शिकवलेल्या एकाही माणसाने कधी "कळलं नाही" म्हटल्याचं आठवत नाही. वर्ग संपताना विचारायचे, समजलं का? सगळ्यांचे हात वर. निरोपाच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी भाषणात हेच सांगितलं होतं. तेव्हा एका माणसाला शिकवण्यासाठी मला कोणाच्या दारात जायची गरज नाही.

यांच्या धाकट्या बहिणीला फोन केला. वन्सं उद्या येतात.

५ फेब्रुवारी

वन्सं आल्या. सोबत दोन बॅगा, अंगात बारा महिने असतो तो लोकरी स्वेटर आणि तोंडाचा पट्टा.

दारातच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही पडलात हे मला खरंच वाटेना. मी म्हटलं, आधी फरशीचं काय झालं ते विचारा."

मी म्हटलं, "चपला बाहेर काढा."

वन्संच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना ठाण उलगडून दाखवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना माणसं लागतात, मला शिस्त लागते. आमचं सूत कधी जुळलं नाही, पण बोलावलं आणि आल्या, एवढं मान्य करायला हवं. माझे केस विंचरून वेणीही घालून दिली. फार घट्ट घातली.

६ फेब्रुवारी

पहिला धडा. माझा शिकवायचा एप्रन अजून कपाटात आहे. जाड कापडाचा, पोटाशी नळीचा तुकडा शिवलेला. तो मी गळ्यात अडकवला. मागची नाडी एका हाताने बांधता येईना, ती वन्संनी बांधली.

आधी नियम सांगितले. मी करते तसंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. प्रश्न असतील ते शेवटी. तोंडाला मास्क लावला की काम संपेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही, पेशंटनेही नाही. बोलायची परवानगी फक्त शिकवणाऱ्याला.

मग करून दाखवलं. झोळी काढायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. त्यामुळे प्लास्टरबाहेर डोकावणारी डाव्या हाताची बोटं तेवढी वापरली. त्यांत नळी धरली, उजव्या हाताने टोपण फिरवून काढलं, पिशवीची नळी जोडली. पूर्वी मी म्हणायचे, हे काम म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. आज घाम फुटला. पण जमलं. कसब कुठे जात नाही.

मध्येच वन्सं म्हणाल्या, "वहिनी, एक विचारू?"

"शेवटी."

शेवटी मी विचारलं, "समजलं का?"

"हो हो. समजलं."

"मघाशी काय विचारायचं होतं?"

"काही नाही हो. चहा टाकू का, एवढंच."

८ फेब्रुवारी

वन्संची तोंडी परीक्षा घेतली. खिडक्या बंद, पंखा बंद, मास्क, बाह्या कोपरापर्यंत वर, हात धुणे, हात कोरडे, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. पाठांतर उत्तम. इतकं मला अपेक्षित नव्हतं.

हात मात्र चोरासारखे चालतात. एप्रन आज त्यांना घातला होता. डावं कोपर बरगडीला चिकटवून, नळी छातीशी ओढून, उजव्या हाताने तेवढं काम. मी म्हटलं, "अंग सैल सोडा. इथे कोणी तुम्हाला मारणार नाही." त्यावर आणखीच आक्रसल्या. मुळात भित्रा स्वभाव. सवयीने जाईल.

सिस्टरला फोन करून सांगितलं, तयार झाल्या. ती म्हणाली, "एकदा मला बघू द्या ना, मॅडम."

मी म्हटलं, "उद्या यांना घरी नेते आहे."

९ फेब्रुवारी

हे घरी आले. खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसले, रेडिओ लावला, शब्दकोडं मांडीवर घेतलं. घर पुन्हा घरासारखं वाटलं.

पहिलं खरं पाणी वन्संनी बदललं. यांना बहिणीची थट्टा केल्याशिवाय राहवत नाही. म्हणाले, "चिमे, मीटरभर कापून देऊ नकोस हं मला." चिमी साठीची आहे. ती म्हणाली, "दादा, तुझ्या पोटाचा घेर बघता मीटरभर पुरायचा नाही." मी दोघांनाही मास्क लावायला सांगितलं. मग शांतता.

मी पायाशी उभी राहून एकेक पायरी सांगत होते. हाताशी असून हात लावता येत नाही, ही काय अवस्था आहे ते मला आज कळलं. माझी उजवी बोटं आपोआप हलत होती. वाटत होतं वन्संना बाजूला सारावं. सारून काय करणार? जे अर्ध्या तासात व्हायचं त्याला सव्वा तास लागला, पण झालं. बाहेर आलेलं पाणी स्वच्छ होतं.

१३ फेब्रुवारी

चार दिवस सुरळीत गेले. सिस्टरचा रोज फोन येतो. तिने कुठेतरी नवीन प्रशिक्षण घेतलं आहे. म्हणाली, "मॅडम, 'समजलं का' असं नका विचारू. 'कुठे अडतंय' असं विचारा. आणि तुमच्या शिकवण्याबद्दलही विचारा त्यांना. आम्ही आता प्रत्येकाला विचारतो." शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला गुण द्यायचे, असा हा काळ. तरी म्हटलं, विचारून बघू. आपल्याला लपवण्यासारखं काही नाही.

वन्संना स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "माझ्या शिकवण्यात काय कमी आहे? मोकळेपणाने सांगा. मला स्पष्ट बोललेलं आवडतं."

त्यांच्या हातातली वाटी खाली पडली. "कमी? अहो वहिनी, काहीतरीच काय! तुमच्यासारखं शिकवणारं मी पाहिलं नाही."

"कुठे अडतंय का?"

"छे. कुठेच नाही."

विषय संपला. मग यांना विचारलं. हे म्हणाले, "मी काय, आडवा पडलेला माणूस." थोड्या वेळाने म्हणाले, "एखादं पाणी चिमीला एकटीला करू दे ना. तू नको उभी राहूस."

"आणि चुकल्या तर सांगणार कोण?"

"तेही खरंच. आणि ते बाहीचं जरा..."

"बाह्या कोपरापर्यंत वर, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"बरं," म्हणाले आणि कोड्यात डोकं घातलं.

पाणी बदलताना अलीकडे हे भुवया उडवतात, डोळे मोठे करतात. वन्संचं लक्ष विचलित होतं. आज चांगलं बजावलं की पेशंटने छताकडे बघून पडून राहायचं.

१७ फेब्रुवारी

विशेष काही नाही. वन्सं अजून कोपर सोडत नाहीत. रात्रीसुद्धा थंडी वाजल्यासारख्या हात पोटाशी घेऊन झोपतात.

२० फेब्रुवारी

सकाळचं पाणी गढूळ आलं.

पिशवीखाली वर्तमानपत्र धरून बघायचं असतं. अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. एक अक्षर दिसेना. यांनी विचारलं, "आज बातमी काय?" मी म्हटलं, "काही नाही." पोट दुखत होतं, कालपासूनच. सांगितलं का नाही विचारलं तर म्हणाले, "चिमीला वाईट वाटलं असतं."

हॉस्पिटलला गेलो. पोटात जंतू शिरले आहेत. औषध पाण्यातूनच द्यायचं, दोन आठवडे. डॉक्टर म्हणाले, एकदा होतं असं, घाबरू नका, पुन्हा मात्र व्हायला नको.

"पुन्हा झालं तर?"

"नळी काढावी लागेल. मग मशीन."

हे खिडकीबाहेर बघत होते. ऐकू आलं नसावं, असं मी धरून चालले.

२१ फेब्रुवारी

सिस्टरने विचारलं, "शिकवलं कोणी, ते रिपोर्टात लिहावं लागतं, मॅडम."

"लिही माझं नाव."

तिने लिहिलं नाही. पेन हातात धरून म्हणाली, "काकूंना माझ्याकडे दोन दिवस पाठवता का?" मी म्हटलं, शिकवण्यात दोष नाही, दोष कुठेतरी घरात आहे. तो मी शोधून काढते.

घरी येऊन शोधला. वन्संची नखं तपासली, बारीक कापलेली आहेत. हात धुण्याचा साबण बदलला. पडदे उतरवले. पाण्याची खोकी पलंगाखालून कपाटात हलवली. वन्सं माझ्यामागून प्रत्येक वस्तू पुसत होत्या आणि एकही विनोद करत नव्हत्या. दुपारी नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "मास्क लावून रडा, नाहीतर इथे रडू नका."

हे जरा कडक झालं. पण खोलीचा नियम आहे.

२५ फेब्रुवारी

पाणी निवळलं. वर्तमानपत्राची अक्षरं दिसली. यांनी मोठ्याने मथळा वाचून दाखवला आणि वन्संनी टाळ्या वाजवल्या.

मी आता आणखी जवळ उभी राहते. प्रत्येक पायरी दोनदा सांगते. मधल्या सुट्टीत पुन्हा एप्रन घालून पहिल्यापासून दाखवते, रोज. वन्संना म्हटलं, "माझ्याकडे नीट बघा. माझी नक्कल करा. एवढं जमेल ना?" म्हणाल्या, "तेच तर करतेय, वहिनी." त्यांची तक्रार नाही, प्रश्न नाही, आणि हात सुटत नाहीत. भिंतीला शिकवावं तसं वाटतं.

सिस्टरच्या सांगण्यावरून पुन्हा विचारलं, शिकवणं कसं वाटतं. "फार छान," म्हणाल्या. यांना विचारलं. "छान," म्हणाले. सगळं छान आहे, तर मग पाणी गढूळ का झालं?

२ मार्च

माझ्या हाताला प्लास्टरच्या आत खाज सुटते. झोळीत हात धरून धरून मान आखडली आहे. घरात कोणी बोलत नाही. रेडिओ तेवढा बोलतो.

६ मार्च

पुन्हा गढूळ. ताप. यांना दाखल केलं.

रिक्षात वन्सं मागे यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी पुढे. उतरल्यावर कळलं की मी अख्खा रस्ता "हात धुवा, कोरडे करा" असं पुटपुटत होते. रिक्षावाल्याने आपले हात हँडलवरून उचलून बघितले.

७ मार्च

सिस्टरने आज विचारलं नाही, सांगितलं. "मॅडम, अर्धा तास द्या. काकू शिकवतील, तुम्ही शिका. तुम्हाला काही येत नाही असं समजायचं. मध्ये बोलायचं नाही."

माझ्याच जुन्या वर्गात नेलं. फळा बदलला आहे, खुर्च्या गोल मांडल्या आहेत. भिंतीजवळ हात धुवायला बेसिनही आता तिथेच आहे. मी विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसले. ती फार बुटकी आहे. वर्गातला एप्रन सिस्टरने माझ्याच गळ्यात अडकवला.

वन्सं आधी माझ्या एप्रनची नाडीच नीट करत बसल्या. सिस्टर म्हणाली, "काकू, ह्या तुमच्या वहिनी नाहीत. गिऱ्हाईक आहे असं समजा."

झालं. बाईचा आवाजच बदलला. "या ताई, बसा. लांबून आलात? पाणी घेता? घाईचं काम नाही हे. आधी हात लावून बघा नळीला, चावत नाही. घाबरलात? मीपण घाबरले होते. पहिल्या दिवशी माझ्या हातापेक्षा माझे गुडघे जास्त थरथरत होते." मला हसू आलं नाही, पण खुर्चीत पाठ टेकली गेली. काय करायचं आणि का करायचं, दोन्ही सांगत होत्या. का ते मी त्यांना कधी सांगितलं होतं? की ते त्यांनी आपलं आपण जुळवलं?

मग टोपण काढायची पायरी आली. वन्सं म्हणाल्या, "आता नीट बघा हं, मुख्य गोष्ट. डावा हात पोटाशी. घट्ट. कोपर अजिबात सोडायचं नाही. नळी अशी अंगाशी ओढून धरायची, आणि सगळं उजव्या हाताने."

त्यांनी पुढे वाकून माझ्या एप्रनची नळी तशी धरली. कोपर दुमडल्यामुळे वर सारलेली स्वेटरची बाही सरकून खाली आली आणि नळीच्या उघड्या तोंडाला घासून गेली. बाहीच्या कडेची लोकर मला दिसली.

मध्ये बोलायचं नव्हतं. मी बोलले. "हे कुठून आणलंत?"

"काय?"

"डावा हात पोटाशी."

वन्संनी माझ्या झोळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "तुम्हीच तर असं करता, वहिनी. रोज."

"माझा हात मोडलाय!"

"ते दिसतंय हो मला. मला वाटलंच होतं विचारावं, की हे प्लास्टरमुळे का असंच धरायचं असतं. पहिल्याच दिवशी विचारणार होते. तुम्ही म्हणालात शेवटी. मग म्हणालात, मी करते तसंच करायचं, डोकं चालवायचं नाही."

"मग शेवटी का नाही विचारलंत? मी प्रत्येक वेळी विचारत होते, समजलं का. दर वेळी हो म्हणालात."

त्यांनी हात पोटाशीच धरला होता. म्हणाल्या, "समजलं म्हटलं की तुम्ही खोलीतून बाहेर जाता. मग मला जरा श्वास घेता येतो."

सिस्टर खिडकीकडे गेली आणि उगाच काच पुसू लागली. तिलाही मी याच खोलीत शिकवलं. तीही दर वेळी हात वर करायची, पहिल्या रांगेतून.

यांच्या कॉटशी जाऊन बसले. म्हटलं, "तुम्हाला दिसत होतं ना?"

"बाही? हो. भुवया उडवून उडवून माझं कपाळ दुखायचं."

"बोलला का नाहीत?"

"मास्क होता. तू म्हणालीस, पेशंटने बोलायचं नाही."

"नंतर?"

"नंतर बोललो होतो गं," म्हणाले. तापाने ओठ सुकले होते. पाणी मोजूनच द्यायचं असतं, म्हणून ओल्या कापसाने पुसले.

८ मार्च

डॉक्टर म्हणाले, या वेळी बुरशी आहे. औषधाने जाणार नाही. नळी काढायची, उशीर करायचा नाही. पुन्हा कधी बसवता येईल का, विचारलं. म्हणाले, ही घाण गाळणारा पोटाच्या आतला पडदा किती टिकलाय ते नंतर कळेल, पण तुम्ही त्या आशेवर राहू नका.

मी म्हटलं, "आता आम्हाला चूक कळली आहे. आता नाही होणार. त्यांना आता बरोबर येतं." शाळेतल्या मुलासारखं बोलत होते. डॉक्टर मान हलवत ऐकत राहिले.

सही मी केली. उजवा हात चांगला आहे.

१० मार्च

नळी काढली.

१३ मार्च

आज यांना मशीनवर घेतलं. मी आणि वन्सं बाहेरच्या बाकावर. यांना आत नेताना मी म्हटलं, "मी शब्द दिला होता."

म्हणाले, "मोडलेल्या हाताने कुठवर धरशील?" आणि चाकाच्या खुर्चीतून आत गेले. माझी बाजू घेण्यासाठी म्हणाले की थट्टेने, ते कळलं नाही. विचारलंही नाही. विचारलं असतं तर "छान" म्हणाले असते.

घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. रेडिओ मी लावला. त्यांनी हात लांब करून बंद केला.

वन्संनी स्वेटर धुऊन वाळत घातला होता. तो मी दोरीवरून काढला आणि घडी करून त्यांच्या बॅगेत ठेवला. त्यांनी तो बाहेर काढून बाल्कनीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी म्हटलं, "वन्सं, स्वेटरचा काय दोष?" पहिल्यांदाच त्या मला उलटून म्हणाल्या, "मग कोणाचा, ते तुम्ही सांगा."

मी डब्याचं झाकण लावलं.

१८ मार्च

प्लास्टर निघालं. हात बारीक झाला आहे, कातडी सोललेली, कोणा दुसऱ्याचा असावा तसा. डॉक्टर म्हणाले, वापरा, सगळीकडे वापरा. घरी आरशासमोरून जाताना पाहिलं तर झोळी नसतानाही हात पोटाशीच दुमडलेला. खाली सोडला. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत परत वर आलेला.

वन्संनी बघितलं. त्यांच्याही हाताला तीच खोड लागली आहे. भाजी चिरतानासुद्धा कोपर बरगडीला. दोघी ओट्याशी उभ्या होतो, एकसारख्या. हे दारात आले, बघितलं, आणि पुष्कळ दिवसांनी म्हणाले, "काय गं, तुम्हा दोघींचं एकाच दिवशी पोट दुखतंय?"

वन्सं हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मी नियम सांगितला नाही.

१९ मार्च

कपाटात पाण्याची न उघडलेली खोकी आहेत. हे म्हणाले, "देऊन टाक. दार उघडलं की समोर येतात." सिस्टरला फोन केला. म्हणाली, एका गृहस्थांच्या आईची नळी आजच सुरू झाली आहे. शिकवणं पूर्ण झालंय, सामान मिळायला दिवस लागतील. उद्या येतील. मग जरा थांबून म्हणाली, "जमलं तर एकदा करून दाखवाल त्यांना? घरच्यासारखं?"

मी म्हटलं, "वन्सं दाखवतील."

२० मार्च

आज मशीनचा दिवस, त्यामुळे हे घरी नव्हते. त्यांना पोचवून आम्ही परतलो तेव्हा ते गृहस्थ दाराशीच उभे होते. चष्मा लावलेले, चाळिशीतले, एका कचेरीत टायपिंग करतात. आईशिवाय घरात कोणी नाही. फार घाम येत होता त्यांना.

यांच्या पलंगाजवळ स्टँड उभा केला. वन्संनी पिशवी टांगली. एप्रन त्या गृहस्थांच्या गळ्यात अडकवला. मागची नाडी मी बांधली, दोन्ही हातांनी. गाठ नीट बसेना, डाव्या बोटांत अजून जोर नाही. ते म्हणाले, "राहू द्या, मॅडम." मी बांधून झाल्यावरच सोडली.

मग तोंडावर आलं होतं की, आधी नियम. पहिला नियम. ते गिळलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मला कोणी जा म्हटलं नव्हतं.

बोळात उभी राहिले. आतून वन्संचा आवाज येत होता. "या, बसा असे. चावत नाही नळी. स्टँड जरा डावीकडे घेऊ? तुमच्या घरी खिडकी कुठे आहे?" मध्येच त्यांचं हसणं. आणि मग त्या गृहस्थांचा आवाज, अगदी स्पष्ट, "नाही कळलं. परत दाखवता?"

हे वाक्य त्या एप्रनसमोर मी पहिल्यांदा ऐकलं.

"दाखवते की," वन्सं म्हणाल्या. "कापडाचं ठाण आहे का संपायला? दोन्ही हात मोकळे सोडा आधी. असे. माझ्याकडे बघू नका, नळीकडे बघा."

त्यांनी परत विचारलं. वन्संनी परत दाखवलं. तिसऱ्यांदाही. मी दाराला हात लावला नाही. माझा डावा हात वर आलेला होता, तो खाली सोडला. परत वर आला.

सामान टेम्पोत चढवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्हीही शिकवायचात ना हे?" मी म्हटलं, "आईंना सांभाळा. आणि त्या काही सांगू लागल्या तर मध्ये तोडू नका."

आज दिलं ते:

पाण्याची खोकी, न उघडलेली, होती तेवढी. पिशव्या टांगायचा स्टँड, त्याचं एक चाक अडतं हे सांगून. पाणी कोमट करायची विजेवरची गादी. नळीचे दोन चिमटे. टोपणांची पाकिटं. मास्कचं खोकं, अर्धं. हात पुसायचे रुमाल, उकळून इस्त्री केलेले. वर्तमानपत्रांचा गठ्ठा, तो का, ते वन्संनी समजावून सांगितलं.

शिकवायचा एप्रन. नाडी सोडवताना गाठ निघेना, म्हणून ते गृहस्थ तसाच गळ्यात घालून गेले.